डबा आणि काच

आमच्या अथालमध्ये एखाद्याला मोटारसायकल घ्यायची असली की तो मेकॅनिकला विचारतो, बैल घ्यायचा असला की पाड्यावरच्या जाणत्या म्हाताऱ्याला विचारतो, आणि कॅमेरा घ्यायचा असला की मला विचारतो. हायस्कूलच्या मुख्याध्यापकाने फळा, खडू आणि परिपत्रके यांच्यापलीकडे कशात लक्ष घालू नये अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. पण गेली तीस वर्षे दर स्नेहसंमेलनाला माझ्या गळ्यात कॅमेरा दिसत आल्याने हे खाते लोकांनी परस्पर माझ्याकडे सोपवून टाकले आहे. प्रश्नही ठरलेला असतो. “सर, इतके इतके पैसे आहेत. कोणता कॅमेरा चांगला?”

मी उलट विचारतो, “कशासाठी?” आणि बहुतेक वेळा चर्चा तिथेच थांबते. कारण दहांतल्या आठ जणांना कॅमेरा नको असतो, गळ्यात कॅमेरा असल्याचा रुबाब हवा असतो. त्यांना मी सांगतो, बाबांनो, खिशातला मोबाईल तुमच्या गरजेला पुरून उरेल, पैसे बँकेत ठेवा. या सल्ल्याने नाराज झालेली माणसे पुष्कळ आहेत. तो ऐकून पस्तावलेला मात्र मला अजून भेटलेला नाही.

हा लेख उरलेल्या दोघांसाठी आहे.

त्या दोघांपैकी एक म्हणजे माझा एक माजी विद्यार्थी. अथाल हे दमणगंगेकाठचे गाव, सिल्वासाहून नरोलीला जाणाऱ्या रस्त्यावरचे. इथल्या मुलांची घरची बोली एक, शाळेची भाषा दुसरी, बाजाराची गुजराती आणि कारखान्याची हिंदी. हा मुलगाही तसाच चार भाषांत वाढलेला. बारावीनंतर तो एका सुताच्या कारखान्यात पाळीवर लागला. आईही कारखान्यातच पॅकिंगला. गेल्या वर्षी जूनमध्ये, शाळा नुकती सुरू झालेली असताना, तो आला आणि म्हणाला, “सर, लग्नाचे फोटो काढायचा धंदा करायचा आहे. पंचेचाळीस हजार जमलेत.”

तीस हजार त्याच्या बचतीचे होते, पंधरा हजार भिशीचे. जवळच्या एका दुकानदाराने त्याला चौऱ्याऐंशी हजारांचा नवा कॅमेरा दाखवून ठेवला होता, सोबत कंपनीची साधी झूम लेन्स. वीस हजार आता भरायचे, बाकी हप्त्यांनी. हप्त्याची रक्कम ऐकल्यावर मी त्याचा पगार विचारला. तो थोडा गप्प राहिला आणि मग म्हणाला, “आई म्हणते, डोरलं ठेवते गहाण.”

इथे मला दादासाहेब फाळके आठवले. मराठी माणसाने कॅमेऱ्यासाठी काय काय केले याचा इतिहास मोठा नामी आहे. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. मुंबईत स्टुडिओ चालवणाऱ्या या गृहस्थांनी लुमिएर बंधूंचा खेळ पाहिला आणि लंडनहून एकवीस गिनी मोजून चलच्चित्राचा कॅमेरा मागवला. १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती त्यांनी त्यावर टिपली. फाळक्यांचा स्टुडिओ तर आपल्या शेजारच्या गुजरातेत, गोध्र्याला होता. चित्रपटाचे वेड लागल्यावर त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १९१२ साली लंडन गाठले. तिथे त्यांनी काय केले, हे खरेदीला निघणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. पहिल्या दुकानात शिरून पहिली वस्तू उचलली नाही. ‘बायस्कोप’ साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन संपादकांना गाठले, त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टनच्या स्टुडिओत काम कसे चालते ते डोळ्यांनी पाहिले, आणि मग पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला. शिवाय फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांसाठी पैसे राखून ठेवले. नुसत्या कॅमेऱ्याने चित्र निघत नाही, हे त्यांना माहीत होते.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांपाशी तेवढेही पैसे नव्हते. त्यांनी जुन्या यंत्राची घडण समजून घेतली आणि दामल्यांच्या मदतीने कॅमेरा स्वतःच बनवला. ‘सैरंध्री’ हा त्यांचा चित्रपट १९२० सालचा.

फाळक्यांच्या गोष्टीत सरस्वतीबाईंचे दागिनेही येतात. ते विकले गेले, घरखर्च चालेना, तरी ती माउली मागे हटली नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. मीही वर्गात सांगत आलो आहे. पण समोर एका कामगार बाईचे डोरले गहाण पडू घातले, तेव्हा मला त्या गोष्टीची दुसरी बाजू दिसली. इतिहासाला दागिने आठवतात ते यशस्वी झालेल्यांच्या घरचे. ज्यांचे दागिने गेले आणि चित्रही निघाले नाही, त्यांच्या बायकांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत. मी मुलाला म्हटले, “डोरले घरातच राहील. पंचेचाळीस हजारांत काय बसते ते आपण बघू. बसले नाही तर सहा महिने थांबू.”

त्याला आधी समजावले ते डबा आणि काच यांतले नाते. दुकानदार बॉडी आणि लेन्स म्हणतात. मी डबा आणि काच म्हणतो, कारण तसे म्हटले की कशाला किती मोजायचे ते आपोआप कळते. डबा दर दोन-तीन वर्षांनी जुना होतो. नवा येतो, जाहिराती येतात, जुन्याची किंमत कोसळते. काच मात्र नीट सांभाळली तर दोन पिढ्या जाते. माझ्या वडिलांचा अॅग्फा क्लिक थ्री हा बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला. एका रोलवर बारा फोटो निघत आणि आमच्या घरी ते बारा फोटो दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत पुरवले जात. त्याची काच डब्यालाच जखडलेली, त्यामुळे डबा संपला तशी काचही संपली. पुढे १९९६ साली मी बोराबाजारातून जुना पेंटॅक्स के १००० घेतला. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षे तो बाजारात होता. निव्वळ लोखंडी काम. सेल संपला तरी शटर चालतेच, फक्त प्रकाशमापक बंद पडतो. फिल्मचे दिवस गेले तसा तो डबा कपाटात गेला. पण त्याची पन्नास मिलिमीटरची काच त्याच कंपनीच्या डिजिटल कॅमेऱ्यावर आजही बसते, कारण १९७५ साली ठरवलेली जोडणीची खाच कंपनीने टिकवून ठेवली.

ही खाच, म्हणजे माउंट, फार महत्त्वाची. एका कंपनीच्या कुकरचे झाकण दुसऱ्या कंपनीच्या कुकरला बसत नाही, तसेच हे. निकॉनची एफ खाच १९५९ सालची. कॅननने १९८७ साली जुनी खाच सोडून नवी आणली, तेव्हा जुन्या काचांचे मालक चडफडले होते. २०१८ साली दोघांनीही आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी पुन्हा नव्या खाचा काढल्या. २०२० नंतर या दोन कंपन्यांनी आरशाचा, म्हणजे डीएसएलआर जातीचा, नवा डबा आणलेला नाही. याचा अर्थ असा, की ज्यांच्यापाशी पैसा आहे ते नव्या जातीकडे धावत आहेत आणि त्यांनी सोडलेले उत्तम जुने डबे नि काचा बाजारात येऊन पडत आहेत. पुढेमागे सुटे भाग मिळायला त्रास होईल, हे खरे. पण ज्याला चार-पाच वर्षांत पैसे वसूल करून पुढे सरकायचे आहे त्याच्यासाठी ही पर्वणीच आहे.

काचेवर पैसे का घालायचे, हे मी त्याला शाळेच्या खिडकीपाशी उभे करून सांगितले. काचेवर एफ १.८, एफ ४.५ असे आकडे असतात. आकडा जितका लहान तितकी खिडकी मोठी. नव्या कॅमेऱ्यासोबत येते ती साधी झूम लेन्स मधल्या टप्प्यावर एफ ४.५च्या आसपास उघडते. तिच्याऐवजी एफ १.८ची काच लावली तर प्रकाश सहापटींनी जास्त येतो. आमच्याकडे रात्री तारपा वाजतो. वाजवणाऱ्याभोवती हातात हात गुंफून माणसे फिरत असतात, आणि उजेड असतो एका बल्बचा. तिथे साध्या लेन्सला एक-विसांश सेकंद लागत असेल तर नाचणाऱ्यांचे पाय धुरासारखे फरपटतील, एफ १.८च्या काचेला तोच फोटो सव्वाशेव्या भागात मिळेल आणि पाय जागच्या जागी थांबतील. डबा कितीही महागाचा असो, खिडकी लहान असली तर घरात अंधारच.

आता कोणती काच? पुस्तकात पन्नास मिलिमीटरची स्तुती असते. पण ती फिल्मच्या आकाराच्या सेन्सरसाठी. आपल्या ऐपतीच्या डब्यांचा सेन्सर दीडपट लहान, त्यामुळे पन्नासची काच पंचाहत्तरसारखी वागते. चाळीच्या खोलीत नवरीचा शृंगार टिपायचा तर फोटोग्राफरला पाठीमागच्या भिंतीतून बाहेर जावे लागेल! म्हणून पस्तीस मिलिमीटर, एफ १.८. त्याच कंपनीने लहान सेन्सरसाठीच ती २००९ साली काढली आणि ती जुन्या बाजारात सहज मिळते.

डब्याची निवड लग्नाच्या धंद्याने ठरवली. लग्न पुन्हा लागत नाही. कार्ड बिघडले तर अंतरपाट पुन्हा धरा असे म्हणता येत नाही. म्हणून एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरवणारा डबा हवा. निकॉनचा डी ७२००, २०१५ सालचा, त्यात दोन खाचे आहेत. शिवाय फोकस फिरवणारी मोटर डब्यातच आहे, त्यामुळे जुन्या स्वस्त काचाही त्यावर आपोआप फोकस होतात. त्याच कंपनीच्या स्वस्त डब्यांत ही मोटर नसते, आणि ही गोष्ट खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली नसते.

एका शनिवारी आम्ही वापीहून फ्लाइंग राणीने मुंबईला गेलो. बोराबाजार म्हणजे बोरीबंदर स्टेशनाजवळची, फोर्टातली गल्ली. कॅमेऱ्यांची दुकाने एकाला एक लागून आहेत. गाडीत मी त्याला एवढेच बजावले, की वस्तू पाहून होईपर्यंत भाव विचारायचा नाही आणि खिशात किती आहेत ते कोणत्याही भाषेत सांगायचे नाही. पहिला दुकानदार आमच्याशी हिंदीत बोलला. मुलगा गुजरातीत बोलू लागताच ‘भाई’ झाला, आणि भाव दीड हजाराने खाली आला. सीमेवरच्या माणसाला दोन भाषा कशाला, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे व्हावे.

जुना माल तपासायची आमची पद्धत अशी. डब्यावर काढलेल्या एका फोटोच्या फाईलमध्ये शटर किती वेळा पडले तो आकडा असतो. निकॉनचा तो वाचता येतो. या डब्याचे शटर दीड लाखांच्या हिशेबाने तपासलेले असते. तेव्हा वीस-तीस हजार पडलेला डबा तरुण समजावा आणि लाखाच्या पुढचा निवृत्तीला आलेला. तळाचे स्क्रू ओरखडलेले असतील तर तो कोणीतरी उघडला आहे. काच लहान छिद्रावर, एफ १६वर ठेवून मोकळ्या आकाशाचा फोटो काढायचा; सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसते. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून समोरून फोटो काढायचा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरे वाचून पाहायची. एक कोपरा पुसट आला तर काच कधीतरी पडलेली आहे.

आणि शेवटी बॅटरी. काचेतून तिरका उजेड टाकून आत पाहायचे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. किंमत निम्मी सांगितली तरी अशी काच घेऊ नये. बुरशी काचेचा मुलामा खाते आणि शेजारच्या काचेलाही लागू शकते. मुंबई काय नि दमणगंगेचा काठ काय, चार महिने हवेत पाणीच असते. म्हणून कॅमेरा कधी चामडी पिशवीत बंद करून ठेवू नये, चामडे ओल धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्यावर भागते. पुड्या ओलावल्या की गरम करून पुन्हा वापरता येतात.

तिसऱ्या दुकानात मनासारखा माल मिळाला. शटर अठ्ठावीस हजार. मी बिल मागितले, त्यावर डब्याचा नि काचेचा नंबर मागितला, आणि आठ दिवसांत दोष निघाल्यास परत घेण्याची ओळ लिहून मागितली. शेठ म्हणाले, “मास्तरसाहेब, जुन्या मालाचं एवढं कोण करतं?” मी म्हटले, “शाळेचे ऑडिट ज्याने भोगले आहे तो करतो.” ते हसले आणि त्यांनी लिहून दिले. नंबर असलेले बिल नसेल तर आपण चोरीचा माल घेत नाही आहोत, याची खात्री कशी द्यायची? नव्या मालालाही हीच गोष्ट लागू. २०१९च्या १ जानेवारीपासून डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला. बिलाविना दोन पैसे कमी घेणारा गॅरंटीही तेवढीच कमी देतो.

हिशेब असा झाला. डबा २४,५००. पस्तीसची काच ७,०००. मंडपातल्या मोठ्या घोळक्यांसाठी जुनी साधी झूम, कारण तिथे फ्लॅश असतोच, २,५००. फ्लॅश ४,५००. जादा बॅटरी आणि दोन कार्डे ३,२००. प्लॅस्टिकचा डबा आणि पुड्या ३००. एकूण ४२,०००. शिल्लक ३,०००, पहिल्या दुरुस्तीसाठी राखीव. मराठीत अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, गुजरातीत पछेडी पाहून सोड ताणावी म्हणतात. दोन्ही भाषांतल्या गरिबांनी एकच अक्कल वेगवेगळ्या पांघरुणांखाली शिकलेली दिसते.

परतीच्या गाडीत मी त्याला पहिल्यांदाच विचारले, की कारखान्यातल्या पोराला हे वेड लागले कुठून? तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, “बापाचा फोटो नाही, सर.”

त्याचे वडील २०२१ साली गेले. भिंतीवर लावायला फोटो शोधला तर घरात एकही निघाला नाही. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला. आधार कार्डावर माणूस कसा दिसतो ते सर्वांना ठाऊक आहे. मोठा केल्यावर चेहऱ्याची नुसती चौकटी-चौकटी झाली. हार घातला की बरेचसे झाकते, असे तो म्हणाला. आमच्या भागातल्या किती घरांत असे हार आहेत हे मी घरोघर गेलेला शिक्षक म्हणून सांगू शकतो. मोबाईल घरोघर आला हे खरे, पण त्यात तरुणांचे हजार फोटो असतात आणि म्हाताऱ्यांचा एकही नसतो. असला तर मोबाईल फुटतो त्याबरोबर जातो.

तुळशीच्या लग्नानंतरच्या मोसमात तो आधी दुसऱ्या एका फोटोग्राफरच्या हाताखाली तीन लग्ने राहिला, मग स्वतः चार केली. भिशी फिटली. कारखाना त्याने अजून सोडलेला नाही, आणि सोडू नको असे मीही सांगितले आहे. पण सुट्टीच्या दिवशी तो पाड्यांवर जातो आणि म्हाताऱ्या माणसांना दाराशी बसवून त्यांचे फोटो काढतो. उंबऱ्यापाशी बाजूने उजेड येतो, फ्लॅश लागत नाही. छपाईचा खर्च तेवढा घेतो, आणि फोटो कागदावरच देतो.

परवा त्याने मला एका आजोबांचा फोटो दाखवला. १९५४ साली २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटले, तेव्हा हे गुरे राखणारे पोर होते. त्या लढ्यात सुधीर फडके होते, राजा वाकणकर होते. शस्त्रांसाठी पैसा उभा करायला लता मंगेशकरांनी गाण्याचा कार्यक्रम केला होता. आणि योगायोग असा, की लताबाईंना स्वतःलाही कॅमेऱ्याचा छंद. त्या मोठ्या माणसांची छायाचित्रे आहेत आणि राहतील. पण ते सारे ज्यांच्या शेतांवरून गेले, त्या माणसांचे चेहरे कुठे आहेत? तेव्हाचे पोर आज ऐंशीच्या पुढे आहे. त्याला बसवून ठेवण्याइतका वेळ फार उरलेला नाही.

फोटोत आजोबांची एक पापणी किंचित मिटलेली आहे, हनुवटीवरचे पांढरे खुंट मोजता येतात, आणि पाठीमागची कुडाची भिंत हलकेच पुसट झाली आहे. हे पुसट होणे त्या सात हजारांच्या काचेचे. डबा चार-पाच वर्षांत बदलेल, आणि बदलावाच. ही काच पुढच्या डब्यावर जाईल. कॅमेरा घ्यायला निघालेल्या माझ्या वाचकांना म्हणून एवढेच सांगतो: आधी काचेचा हिशेब करा, मग डब्याचा, आणि त्यातूनही थोडे पैसे छपाईला राखा. आणि पहिला फोटो घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचा काढा. दिवाळीला सगळी मंडळी घरी असतातच.